शाई कुठे संपली ते बघा: साडेबाराशे वर्षांपूर्वीचा एक चिनी मसुदा

सुमारे २८ सेंटीमीटर उंच आणि ७५ सेंटीमीटर लांब असा कागदाचा एक तुकडा. त्यावर उभ्या २३ ओळी, २३४ अक्षरं, आणि खोडलेली तीसेक अक्षरं वेगळीच. अक्षरांचे आकार एकसारखे नाहीत, ओळी खाली उतरताना तिरक्या होतात, मधेमधे काळे फराटे आहेत, आणि लिहिणाऱ्याने स्वतःच्या पदवीतलंच एक अक्षर गाळलं आहे. पाहताक्षणी कुणीही म्हणेल, हा तर कच्चा कागद. आहेच तो कच्चा. तो तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे, आणि चिनी सुलेखनात त्याचा मान इतका मोठा की २०१९ मध्ये काही आठवड्यांसाठी टोकियोला पाठवला तेव्हा चीन आणि तैवान, दोन्हीकडे लोक बिथरले.

लिहिणारा यान झेनचिंग (७०९–७८५), थांग राजवटीतला अधिकारी. मजकूर आहे मारल्या गेलेल्या पुतण्याला नैवेद्य दाखवताना वाचायच्या निवेदनाचा. तारीख कागदावरच लिहिलेली आहे: छ्यानयुआन कालगणनेचं पहिलं वर्ष, नववा महिना, तिसरा दिवस. म्हणजे इ. स. ७५८.

या कागदाबद्दल नेहमी सांगितलं जातं ते असं: दुःखाने हात थरथरत होता, अश्रू शाईत मिसळले, भावनेच्या भरात अक्षरं विस्कटली. ऐकायला बरं वाटतं. पण कागदावर अश्रू दिसत नाहीत, शाई दिसते. कुंचला कुठे बुडवला, कुठे कोरडा पडला, कुठला शब्द कधी खोडला, हे सगळं आजही तपासता येतं. चिनी न येणाऱ्यालाही त्यातलं बरंचसं कळू शकतं. म्हणून आधी शाई बघायची, दुःखाचं काय ते मग ठरवायचं.

प्रकरण काय होतं

इ. स. ७५५ च्या डिसेंबरमध्ये ईशान्य सीमेवरचा सेनापती आन लुशान याने बादशहाविरुद्ध बंड केलं. आजच्या हबेई प्रांताचा बराचसा भाग त्याच्यापुढे भराभर झुकला. यान झेनचिंग तेव्हा पिंगयुआनचा प्रशासक होता. हे ठिकाण आजच्या शानतुंग प्रांतात, तेझोउजवळ. बंडाचा वास त्याला आधीच लागला होता. पावसाचं निमित्त करून त्याने तटबंदी दुरुस्त केली, खंदक खोल केले, धान्य भरून ठेवलं. आणि वरवर मात्र साहित्यिक मंडळींना घेऊन होडीतून मेजवान्या चालू ठेवल्या, म्हणजे आन लुशानच्या हेरांना हा नुसता कवितेत रमलेला माणूस वाटावा.

त्याचा थोरला चुलतभाऊ यान गाओचिंग चांगशानला, म्हणजे आजच्या झेंगतिंगला, प्रशासक होता. दोघांमध्ये निरोप नेण्या-आणण्याचं काम गाओचिंगचा मुलगा जीमिंग करत असे. तोच हा पुतण्या. या भावांनी मिळून तूमेनची खिंड घेतली. थायहांग डोंगररांगेतून पलीकडे जायची ती वाट. ती गेल्यावर बंडखोरांची पिछाडी धोक्यात आली. मग ७५६ च्या सुरुवातीला आन लुशानचा सरदार शी सिमिंग याच्या फौजेने चांगशानला वेढा घातला. थायुआनला सरकारी फौज होती, ती मदतीला आली नाही. शहर पडलं. जीमिंगचा शिरच्छेद झाला. गाओचिंगला लोयांगला नेऊन हाल करून मारलं. घराण्यातली तीसहून जास्त माणसं गेली.

दोन वर्षांनी राजधान्या परत बादशहाच्या ताब्यात आल्यावर यान झेनचिंगने गाओचिंगचा दुसरा मुलगा छ्वानमिंग याला अवशेष शोधायला पाठवलं. जीमिंगचं फक्त शिर मिळालं. ते ठेवलेल्या पेटीचा उल्लेख मसुद्यात आहे. यान झेनचिंग तेव्हा पीत नदीच्या वळणाजवळच्या पूझोउला प्रशासक होता, आणि हा मसुदा त्या वेळचा.

कुंचला, शाई, कागद

बोरूने किंवा टाकाने लिहिताना रेघेची जाडी बरीचशी टोकाच्या छाटणीवर ठरते. कुंचल्याचं तसं नाही. त्याचं टोक मऊ आणि शंकूसारखं. दाब वाढवला की रेघ केसासारख्या बारीकपणापासून बोटाएवढी जाड होते. त्यामुळे हाताचा दाब, वेग आणि दिशा तिन्ही गोष्टी रेघेत उतरतात. जपानमधल्या नारा इथल्या शोसोइन भांडारात थांगकाळच्या धाटणीचे कुंचले जपलेले आहेत. त्यांच्या केसांच्या गाभ्याला कागद गुंडाळलेला असतो आणि मोकळं राहतं ते फक्त टोक. असा कुंचला ताठ राहतो, नेमका चालतो, पण त्यात शाई कमी मावते.

शाई म्हणजे काजळी आणि सरस. पाइनचं लाकूड जाळून धरलेली काजळी जनावरांच्या कातड्या-हाडांच्या सरसात मळून तिच्या कांड्या पाडतात आणि वाळवतात. लिहायच्या वेळी दगडी पाट्यावर थोडं पाणी घेऊन कांडी गोलगोल घासायची. पाणी जास्त झालं तर अक्षराभोवती करडी कड पसरते. शाई फार दाट झाली तर कुंचला अडखळतो. काजळी हा जवळजवळ शुद्ध कार्बन, त्यामुळे तो उजेडाने उडत नाही. युरोपातली लोखंड-मायफळाची शाई आम्लधर्मी असते, ती कालांतराने कागद खाते; काजळीच्या शाईला ती खोड नाही. साडेबाराशे वर्षांनंतर ही अक्षरं काळीच का आहेत, याचं उत्तर एवढंच.

कागद हेम्पच्या तंतूंचा. त्या काळी असा कागद चिंध्या, जुने दोर कुटूनही बनवत. चित्रकलेमुळे पुढे प्रसिद्ध झालेल्या श्वान कागदाइतकी शाई तो पीत नाही. शाई वर राहते, पसरत नाही, आणि कुंचला कोरडा पडला की केसांचे माग तसेच उमटतात. या मसुद्याचं वाचन शक्य होतं ते मुख्यतः कागदाच्या या गुणामुळे.

सात वेळा घेतलेली शाई

भरलेल्या कुंचल्याने काढलेली रेघ कडेपर्यंत भरीव असते. शाई संपत आली की केस सुटे होतात आणि रेघेच्या आत पांढऱ्या चिरा दिसू लागतात. सुलेखनात या चिरांना फेइबाई म्हणतात. अक्षरं उजवीकडून डावीकडे, ओळीओळीने पाहत गेलात की भरीव, मग करडं, मग चिरा पडलेलं, आणि अचानक पुन्हा काळंभोर, असा क्रम सापडतो. काळंभोर जिथे झालं तिथे कुंचला बुडवला. या मसुद्यात अशा साधारण सात जागा मोजल्या जातात.

आता हिशेब करा. खोडलेली धरून सुमारे २६५ अक्षरं, सात वेळा शाई. म्हणजे एका वेळच्या शाईत सरासरी पस्तीस-चाळीस अक्षरं. निगुतीने लिहिणारा माणूस दर काही अक्षरांनी कुंचला बुडवतो, म्हणजे काळेपणा एकसारखा राहतो. यान झेनचिंगला ते चांगलंच माहीत होतं. शिआनच्या शिलालेख संग्रहालयात त्याचा ७५२ सालचा दोबाओ स्तूपाचा शिलालेख उभा आहे, त्यातलं प्रत्येक अक्षर चौकटीत बसवल्यासारखं आहे आणि आजही शाळकरी मुलं ते गिरवतात. तोच हात इथे कुंचला पार कोरडा होईपर्यंत थांबत नाही.

इथे एक नेहमीची चूक टाळायला हवी. जाड, काळी अक्षरं दिसली की लोक म्हणतात, इथे दुःख उसळलं. बऱ्याचदा तिथे फक्त ताजी शाई असते. उलट खरी घाई दिसते ती कोरड्या भागांत, जिथे शाई घ्यायला हवी होती तरी घेतली नाही, कारण वाक्य डोक्यात पुढे गेलं होतं. काळेपणा दौतीमुळे येतो. न थांबणं मात्र लिहिणाऱ्याचं स्वतःचं असतं.

खाडाखोड: कुठे आणि का

सुरुवातीची ७० अक्षरं औपचारिक आहेत. त्यातली पहिली ५२ तर निव्वळ तारीख आणि स्वतःची ओळख: 'तेरावा काका', मग पदव्या, मग जहागीर, मग नाव. तेरावा म्हणजे घराण्यातल्या सगळ्या चुलत भावंडांत वयाने तेरावा. तशी मोजायची रीत होती. पदव्यांच्या रांगेत एक मानाची पदवी येते, तिचा शेवट 'दाफू' या दोन अक्षरांनी व्हायला हवा. कागदावर 'फू' आहे, 'दा' राहिलं. 'दा' म्हणजे मोठा, तीन रेघांचं, लहान मूल सगळ्यात आधी शिकतं त्यातलं अक्षर. स्वतःची पदवी हा माणूस शेकडो वेळा लिहीत असणार. नंतरही ते घातलेलं नाही.

औपचारिक भाग संपला की मजकूर जवळजवळ पूर्णपणे चार-चार अक्षरांच्या तुकड्यांत चालतो. मोठ्याने वाचायच्या अशा निवेदनाची ती चालच होती. खोडलेले शब्द या चालीशी ताडून पाहिले की खाडाखोडीचा अर्थ बदलतो.

मदतीला न आलेल्या सेनापतीबद्दलचं वाक्य बघा. आधी लिहिलं होतं: 'गद्दार अधिकारी, फौज हाताशी असून, वाचवायला आला नाही'. चिनीत सहा अक्षरं. मग 'फौज हाताशी असून' ही मधली दोन खोडली. उरली चार: 'गद्दार अधिकारी वाचवायला आला नाही'. चाल जमली. पुतण्याचा जीव ज्या गोष्टीने गेला तो तपशील मात्र गेला, आणि वाक्य जास्त कठोर झालं. पुढे स्वतःच्या नेमणुकीबद्दल 'नदीच्या पूर्वेला, जवळ' अशा अर्थाची तीन अक्षरं त्याने लिहिली, ती खोडून 'नदीची खिंड' अशी दोन घातली. पुन्हा पाचाची चार अक्षरं.

म्हणजे खोडणाऱ्या माणसाचा तोल सुटलेला नव्हता. तो मात्रा मोजत होता. आम्हाला या कागदातली सगळ्यात बोलकी गोष्ट हीच वाटते: अक्षरवळण सुटलेलं आहे, पण रचनाकार जागा आहे. दुःखात माणूस वेडापिसा होतो या सोप्या कल्पनेत हा कागद बसत नाही.

सगळ्यात ठळक जागा त्या सेनापतीच्या वाक्यानंतर लगेच येते. 'एकाकी शहर वेढलं गेलं, बाप पडला, मुलगा मेला, घरटं उलटलं, अंडी फुटली.' घरट्याची ही प्रतिमा यान झेनचिंगची स्वतःची नाही. इ. स. २०८ मध्ये मारल्या गेलेल्या कोंग रोंग या विद्वानाच्या लहान मुलांच्या तोंडी ती येते: उलटलेल्या घरट्याखाली अंडी शाबूत राहतात का? त्यामुळे वाचणाऱ्याला अख्ख्या घराण्याचा संहार चार अक्षरांत कळत असे. इथे अक्षरं मोठी होतात, ओळीतली अंतरं कमी होतात. २३ ओळी ७५ सेंटीमीटरमध्ये म्हणजे एका ओळीला सव्वातीन सेंटीमीटर. पण हा नुसता सरासरीचा आकडा. प्रत्यक्षात ओळी एकमेकींच्या हद्दीत घुसतात.

खोडायच्या पद्धती दोन-तीन दिसतात: अक्षरांवरून सरळ उभा फराटा, भोवती वेढा, आणि बाजूला लहान अक्षरात दुरुस्ती. फराट्याची शाई आजूबाजूच्या अक्षरांइतकीच ओली किंवा कोरडी असेल, तर खोडणं लिहिता लिहिताच झालं. वेगळ्या ओलाव्याची असेल, तर नंतर परत वाचताना.

अस्सल की नक्कल

चिनी सुलेखनात 'अस्सल' हा शब्द जपून वापरावा लागतो. धावत्या लिपीतला सर्वश्रेष्ठ नमुना मानतात तो वांग शीझीचा ३५३ सालचा लानतिंग लेख. मूळ कागद आज नाही. परंपरेनुसार थांग ताइझोंग बादशहाने तो स्वतःबरोबर थडग्यात नेला. आपण पाहतो त्या नकला. त्यातली सगळ्यात नावाजलेली बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे. खुद्द यान झेनचिंगचे तीन मसुदे प्रसिद्ध आहेत. काकांसाठी लिहिलेलं निवेदन (तेही ७५८ चं) आणि दरबारातल्या बसण्याच्या क्रमावरून लिहिलेलं खरमरीत पत्र (७६४) हे दोन्ही दगडावर कोरलेल्या प्रतींवरून घेतलेल्या ठशांतूनच उरले आहेत. काळ्यावर पांढरं. त्यात शाईचा ओलेपणा-कोरडेपणा समजायला जागाच नाही. हातची शाई उरली ती या एका मसुद्यात.

थांगकाळात नक्कल करायची प्रगत पद्धत अशी: मेण किंवा तेल लावून पारदर्शक केलेला कागद मूळ प्रतीवर ठेवायचा, प्रत्येक रेघेची कड अतिबारीक कुंचल्याने गिरवायची आणि मग आतला भाग शाईने भरायचा. आकार हुबेहूब येतो, पण भरीव रेघेत वेगाची खूण राहत नाही. कोरड्या रेघेतल्या चिरा तर एकेक करून रंगवाव्या लागतात. भिंगाखाली अशा चिरांची टोकं गोलसर, सुटीसुटी आणि वळणाला बेशिस्त दिसतात. अस्सल रेघेत त्याच चिरा वळणाबरोबर वळतात, कारण त्या एकाच वेळी फिरलेल्या केसांच्या असतात. यान झेनचिंगच्या या मसुद्यात चिरा सलग एका अक्षरातून दुसऱ्यात जातात. त्या नकलणं जवळजवळ अशक्य.

गुंडाळी कशी बनते, कशी बिघडते

७५ सेंटीमीटरचा हा कागद आज जितका दिसतो तितकाच नाही. त्याच्या पुढे-मागे बरंच काही जोडलेलं आहे. आडव्या गुंडाळीची रचना उजवीकडून अशी असते: बाहेरून रेशमी वेष्टन आणि बांधायची फीत, फितीच्या टोकाला हाडाची किंवा जेडची पिन; मग मोकळी रेशमी पट्टी; शीर्षकाचा कागद; दुभाजक पट्टी; मूळ कृती; पुन्हा दुभाजक; आणि शेवटी लांब कोरा कागद, ज्यावर पुढचे मालक आणि जाणकार आपले अभिप्राय लिहितात. अगदी डाव्या टोकाला लाकडी दांडा.

मूळ कागदाला मागून आधी एक पातळ अस्तर लागतं. व्यवसायातले लोक त्याला 'जीवकागद' म्हणतात, कारण मूळ कृती त्याच्याच आधाराने टिकते आणि नूतनीकरणात तो सोलताना चूक झाली तर मूळच हातचं जातं. चिकटवायला गव्हाची खळ. पीठ पाण्यात मळून त्यातला चिवट चोथा धुऊन काढायचा, उरलेला स्टार्च काही दिवस पाणी बदलत भिजवायचा, मग शिजवायचा, गाळायचा आणि पाण्याने पातळ करायचा. चोथा राहिला तर कीड लागते. खळ दाट झाली तर गुंडाळी ताठ होते आणि उघड-मीट करताना मोडते. फार पातळ झाली तर थर सुटतात, मधे फुगे येतात. थरांचे कागद वेगवेगळ्या प्रमाणात आकसले तर कडा वर वळतात. म्हणून सगळं फळ्यावर ताणून काही आठवडे, कधी महिने वाळवतात. शेवटी पाठीला मेण लावून गुळगुळीत दगडाने घोटतात, म्हणजे गुंडाळताना घर्षण होत नाही.

आडव्या गुंडाळीचा हमखास आजार म्हणजे उभ्या मोडी. दांड्याजवळ व्यास लहान, त्यामुळे तिथे आधी. उपाय: मोडीच्या मागे दोन-तीन मिलिमीटर रुंदीची कागदाची पट्टी चिकटवायची. जुन्या गुंडाळ्या मागून प्रकाशात धरल्या तर अशा पट्ट्यांचं जाळं दिसतं. कागद गहाळ असेल तिथे त्याच जातीचा, त्याच जाडीचा तुकडा बसवून त्याला फक्त पार्श्वभूमीचा रंग देतात. सुलेखनात गेलेली रेघ पुन्हा लिहीत नाहीत. चित्रात थोडीफार सवलत चालते, इथे नाही.

दमट हवेत खळीला बुरशी येते आणि तांबूस ठिपके पडतात. फार कोरड्या हवेत थर तडकतात. म्हणून संग्रहालयं ५०–५५ टक्क्यांच्या आसपास स्थिर आर्द्रता आणि सुमारे २० अंश तापमान राखतात, प्रकाश ५० लक्सच्या आत. शाईला उजेडाची भीती नाही हे खरं. पण कागदाला, रेशमाला आणि शिक्क्यांना आहे.

लाल शिक्के आणि मालकांची शेरेबाजी

लाल शिक्के हिंगुळाचे: पाऱ्याचं गंधकयुक्त खनिज, तेल आणि वनस्पतीचे तंतू एकत्र कालवून केलेली लुकण. संग्राहक आपला शिक्का कधी मूळ कागदावर, कधी दोन कागदांच्या सांध्यावर अर्धा-अर्धा मारत. सांध्यावरच्या शिक्क्याचा उपयोग व्यावहारिक: पुढे कुणी तुकडा बदलला की शिक्क्याची दोन अर्धी जुळत नाहीत. छिंग काळात छ्यानलोंग बादशहाकडे ही गुंडाळी होती, आणि त्याच्या सवयीप्रमाणे त्याने तिला शिक्क्यांपासून मोकळं सोडलेलं नाही. दुसऱ्याच्या मृत्युलेखावर एवढे लाल ठसे उमटवणं आजच्या नजरेला खुपतं. पण कागद कुणाकडून कुणाकडे गेला याचा पत्ता त्यांच्यामुळेच लागतो.

सुंग बादशहा ह्वीझोंगच्या संग्रहयादीत हा मसुदा आहे. युआन काळात १२८३ मध्ये श्यानयू शू या सुलेखनकाराने तो काही जुनी पुस्तकं देऊन अदलाबदलीत मिळवला. त्याने शेरा लिहिला: धावत्या लिपीत जगात दुसरा, माझ्या घरातल्या संग्रहात पहिला. 'जगात दुसरा' हे बिरुद तिथून चिकटलं. पहिला लानतिंग, आणि तिसरा सू शीचा १०८२ चा 'थंड अन्नाच्या सणा'चा लेख. पहिल्याची मूळ प्रतच नाही, तेव्हा या क्रमवारीला फार किंमत देऊ नये. तिन्ही मसुदे मानले जातात, हे लक्षात घेण्यासारखं.

त्याच काळातल्या झांग यान याचा अभिप्राय जास्त कामाचा आहे. तो म्हणतो की सरकारी लिखाणापेक्षा पत्र बरं, पत्रापेक्षा मसुदा बरा. सरकारी कागद हातचाच असला तरी नियमांत जखडलेला. पत्र त्या क्षणीच्या मनातून येतं म्हणून थोडं मोकळं. आणि मसुद्यात तर चांगलं लिहायचा हेतूच नसतो, हात आणि मन दोघांनाही स्वतःचा विसर पडतो. यातला शेवटचा भाग आम्ही अर्धाच मान्य करू. अक्षराबद्दल तो खरा आहे. शब्दांबद्दल नाही, कारण चारची मात्रा सांभाळणाऱ्याला स्वतःचा विसर पडला होता असं म्हणता येत नाही.

बघायचा कसा

तैपेईला हा कागद नेहमी मांडलेला नसतो. संग्रहालयाच्या 'मर्यादित प्रदर्शना'च्या यादीतला तो. एका वेळी सुमारे सहा आठवडे दाखवतात आणि मग किमान तीन वर्षं अंधारात विश्रांती. त्यामुळे १६ जानेवारी ते २४ फेब्रुवारी २०१९ दरम्यान टोकियो राष्ट्रीय संग्रहालयात तो मांडला गेला तेव्हा लांबच लांब रांगा लागल्या आणि प्रत्येकाच्या वाट्याला काही क्षण आले. एवढ्या वेळात शाईचे टप्पे मोजून होत नाहीत.

संग्रहालयाने छायाचित्रं संकेतस्थळावर खुली ठेवली आहेत, आणि अभ्यासाला ती प्रत्यक्षापेक्षा सोयीची. पडद्यावर चित्र मोठं करून एकदम सगळं बघू नका. हाताने गुंडाळी उघडतात तशी खांद्याइतक्या रुंदीची चौकट ठेवून उजवीकडून डावीकडे सरका. पहिल्या फेरीत फक्त काळंभोर अक्षर जिथे येईल तिथे खूण करा. दुसऱ्या फेरीत प्रत्येक खुणेच्या आधीची चार-पाच अक्षरं बघा. चिरा तिथे सगळ्यात जास्त असतात. तिसऱ्या फेरीत खोडलेल्या जागा.

मग एक जोडी शोधा. 'वूहू आइझाई', म्हणजे हाय हाय असा शोकोद्गार, मजकुरात दोनदा येतो: एकदा पाऊण मजकूर झाल्यावर, आणि दुसऱ्यांदा अगदी शेवटी, 'शांग शियांग' म्हणजे 'नैवेद्य स्वीकारावा' या दोन अक्षरांच्या आधी. चार अक्षरं तीच, लिहिणारा तोच, कागद तोच. पहिल्या वेळी अक्षरं ओळखता येतात. दुसऱ्या वेळी ती भरभर लिहिताना एकमेकांत गेलेली आहेत, इतकी की चिनी वाचकालाही आधी संदर्भावरून ओळखून मग रेघा शोधाव्या लागतात.